सातवं पान

बारसागडे बाईंच्या वर्गात स्वतःच्या नावाला स्वतः ओ द्यायची नाही, अशी पद्धत होती. हजेरीत माझं नाव आलं की उठायचं मैनानं, आणि मैनाचं आलं की मी.

"मंदा आली आहे बाई. खोकला आहे अजून." हे मैना सांगणार.

"मैना आली आहे. आज डबा नाही आणला." हे मी.

डबा नसल्याचं मी असं सगळ्यांसमोर सांगितलं म्हणून पहिल्याच आठवड्यात मैना माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. बाईंच्या ते ध्यानात आलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पद्धतीत दुरुस्ती केली. काही गोष्टी उभं राहून सांगायच्या, काही टेबलाजवळ येऊन कानात सांगायच्या. कोणती गोष्ट कुठली, ते आपल्याला समजलं पाहिजे. आणि त्या दिवसापासून बाईंच्या डब्यात दोन माणसांचा भात येऊ लागला. बाई अंगानं काडीसारख्या. एवढा भात त्या स्वतःसाठी आणत नाहीत हे आम्हाला कळत होतं, पण त्याबद्दल कोणी बोलायचं नाही, हीसुद्धा एक पद्धतच होऊन गेली.

शेजारच्याचं नाव आलं आणि "माहीत नाही बाई" असं कोणी म्हटलं, तर मात्र खैर नसे. तुळशीदास नावाचा एक आडदांड मुलगा एकदा तसं म्हणाला. त्याच्या बाकावरचा जोडीदार तीन दिवस आला नव्हता. बाईंनी खडू खाली ठेवला.

"बाजूले बसते तो तुह्या, अन् तुले माईत नाई? मंग बाकावर काय लाकूड ठेवलं होतं का आमी?"

दुसऱ्या दिवशी तुळशीदास शाळेत यायच्या आधी जोडीदाराच्या घरी जाऊन आला, आणि टेबलाजवळ जाऊन बराच वेळ बाईंच्या कानात काही तरी सांगत राहिला. काय सांगितलं ते आम्हाला कधी कळलं नाही. आठवड्यानं जोडीदार शाळेत आला, तेव्हा हजेरीला तुळशीदास असा काही ताठ उभा राहिला, जणू त्याला त्यानंच जन्म दिला होता.

हे आमचं हायस्कूल धानोऱ्याच्या रस्त्यावरचं. गडचिरोली जिल्हा तेव्हा नवाच वेगळा झाला होता, आमच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून चांदाच, म्हणजे जुना चंद्रपूर जिल्हाच होता. आठवी ते दहावी, कौलारू चार खोल्या, एक हापशी, आणि रस्त्यानं चार टोले, म्हणजे लहान वस्त्या. त्या टोल्यांची पोरं रोज रानातून चालत यायची. आमचा कुंभीटोला सगळ्यात लांब, पावणेदोन कोस. टोल्यात निम्मी घरं गोंडांची, सहा आमची बौद्धांची, बाकी इतर. हायस्कुलात जाणारे आम्ही सात जण, चार मुली आणि तीन मुलं. मी आणि मैना दहावीत, त्यात मी वयानं सगळ्यांत मोठी, म्हणून टोळीची म्होरकी.

बाई भूगोल आणि गणित शिकवायच्या. पातळाखाली कॅनव्हासचे पांढरे बूट घालायच्या, त्याला सगळा गाव हसायचा. काळी छत्री बारा महिने हातात. नकाशावर नदी दाखवायची ती छत्रीनं, कुत्र्याला हाकलायचं ते छत्रीनं, पाऊस आला तर मात्र छत्री पोरांच्या डोक्यावर आणि बाई ओल्या. हातात खडू असला की बाईंची भाषा पुस्तकातली, खडू ठेवला की आमच्या घरातली. म्हणून त्यांनी खडू खाली ठेवला की वर्ग चिडीचूप व्हायचा. आता खरं काय ते येणार.

बाईंना पोरांची एवढी काळजी का, याच्या गोष्टी चहाच्या टपरीवर पुष्कळ तयार झाल्या होत्या. कोणी म्हणे त्यांचा भाऊ लहानपणी रानात हरवला, कोणी म्हणे त्यांचं मूल गेलं. एका नव्या मास्तरांनी एकदा धीर करून विचारलंच, की बाई, तुमच्या बाबतीत काही झालं होतं का. बाई वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काही झाल्यावरच काळजी करायची असते का, सर?" त्यानंतर टपरीवरच्या गोष्टी आपोआप बंद पडल्या.

आमचे मुख्याध्यापक, ज्यांना आम्ही मोठे सर म्हणायचो, ते शिस्तीचे माणूस. घंटा झाली की फाटक बंद. उशिरा येणाऱ्याला हातावर दोन छड्या. छड्या चुकवायला मोठी पोरं टोळी सोडून नाल्याच्या आडवाटेनं पळत यायची. मोहफुलाच्या दिवसांत त्या वाटेवर अस्वलं उतरतात हे आमच्याकडं दुधपित्या पोरालाही ठाऊक, पण छडी समोर दिसत होती आणि अस्वल काही रोज दिसत नव्हतं. एका सकाळी एक पोरगा फाटलेल्या बाहीनं धावत फाटकावर आला. अस्वलानं त्याचा पाठलाग केला होता. त्यातही त्यानं पहिली गोष्ट काय केली असेल तर छडीसाठी हात पुढं केला.

बाईंनी त्याचा हात धरून खाली केला. मग मोठ्या सरांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं, सगळं ऐकू येत होतं.

"बाई, शाळेले शिस्त नावाची काही गोष्ट पायजे का नाई?"

"पायजे ना सर. पन अस्वलाले कोन शिकवनार?"

मोठे सर वाईट नव्हते. त्यांना हसू आलं, आणि माणसाला हसू आलं की त्याचं अर्धं म्हणणं संपतं. दुसऱ्या दिवसापासून नियम बदलला. एकटा उशिरा आला तर त्याची विचारपूस, पण टोळी सगळी मिळून उशिरा आली तर एक शब्द नाही. फाटकाच्या आतल्या भिंतीवर बाईंनी चुन्यानं मोठ्या अक्षरांत लिहिलं, "उशिरा या, पण सोबतीनं या." पुढं शिक्षणाधिकारी तपासणीला आले तेव्हा ते वाचून त्यांनी भुवया उंचावल्या. बाई म्हणाल्या, आमच्याकडे घड्याळापेक्षा रान मोठं आहे.

मग वाघाचं वर्ष आलं. पलीकडच्या पहाडीत सरपणाला गेलेली एक बाई वाघानं नेली, आणि पंधरा दिवसांत चारही टोल्यांतल्या मुलींची शाळा बंद व्हायची वेळ आली. मुलांची नाही, मुलींची. वाघाला पोरगा-पोरगी कळत नाही, पण आमच्या माणसांना कळत होतं. बाई छत्री घेऊन टोल्याटोल्याला गेल्या. आमच्याकडे गोटुलापुढच्या, म्हणजे गोंडांच्या सामाईक घरापुढच्या, मांडवात सगळे जमले. माझा बाप कमी बोलणारा माणूस. त्यानं एकच विचारलं.

"पोरगी घरी पोचली नाई तं तुमाले कसं मालूम होईन, बाई? तुमी तं तिकडं शाळेत."

दुसरा कोणी असता तर काही तरी ठोकून दिलं असतं. बाई म्हणाल्या, "बराबर बोलले भाऊ. विचार करून सांगतो." आणि परत गेल्या. मला त्या दिवशी वाटलं, झालं, आपली शाळा सुटली. मला दहावी पास व्हायचं होतं. आमच्या घरात कोणी सातवीच्या पुढं गेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बाई आल्या त्या मुक्कामी गाडीच्या कंडक्टरला, नानाजीभाऊला, घेऊन. ही एसटी संध्याकाळी धानोऱ्याकडून यायची, आमच्या चारही टोल्यांच्या फाट्यांवरून जाऊन शाळेच्या गावी मुक्काम करायची आणि सकाळी त्याच रस्त्यानं परत. म्हणजे जाताना आणि येताना दोन्ही वेळा आमच्या उलट, आम्हाला बसायला निरुपयोगी. पण बाईंना तिचा उपयोग सापडला होता. टोळी घरी पोचली की म्होरक्यानं फाट्यावर यायचं, जितकी पोरं पोचली तितकी पळसाची पानं काडीत ओवायची आणि नानाजीभाऊच्या हातात द्यायची. गाडी शाळेच्या गावी लागली की बाई पानं मोजणार. एक पान कमी दिसलं, तर बाई त्या टोल्याकडे निघणार, सोबत दोन माणसं घेऊन.

"मी कोंबड्या नेतो, टपाल नेतो, पाव्हन्याचा डबा नेतो," नानाजीभाऊ म्हणाला. "पानं नेली तं काऊन नाई?"

"अन् पानं आली नाई तं?" कोणी तरी विचारलं.

"तं मी घरी जानार नाई," बाई म्हणाल्या. एवढंच. मुली शाळेत राहिल्या.

तेव्हापासून बाई रोज संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर छत्री टेकून उभ्या राहायच्या. कुंभीटोल्याची सात, अलीकडच्या टोल्याची अकरा. थांब्यावरचे लोक विचारायचे, "आली का पानं, बाई?" जशी बाजारभावाची चौकशी करावी तशी. शिमग्याच्या सुमाराला पळसाला पान राहत नाही, तेव्हा फुलं यायची. नानाजीभाऊ ती लाल फुलांची काडी बाईंच्या हातात देताना म्हणायचा, बाई, लोक काय म्हणतीन. बाई म्हणायच्या, म्हणू दे, आधी मोजून दे.

आता माझी चूक सांगते. आजवर ती मी पूर्ण अशी कुठं लिहिली नाही.

श्रावणातली गोष्ट. दोन दिवसांच्या पावसानंतर उघडीप होती. शाळेतून परत येताना मैनाला नाल्यापलीकडं वारुळावर सात्या दिसल्या. सात्या म्हणजे पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी, मटणाला मागं सारील अशी भाजी. मैनाच्या आज्याचा त्यावर फार जीव. तुम्ही चला, मी ओटीत टाकून आलीच, म्हणाली. टोळी सोडायची नाही हे मला पाठ होतं. पण टोला समोर दिसत होता, धाकटी पोरं भुकेजली होती, आणि नाल्यात घोट्याएवढं पाणी होतं. मी हो म्हटलं.

फाट्यावर आम्ही सहा जण पोचलो आणि गाडी आली. नानाजीभाऊनं भोंगा दिला. माझ्या काडीत सहा पानं होती. मी मागं पाहिलं, मैना दिसत नव्हती. येतेच आहे, पाच मिनिटांत येईल. आणि सहाच पानं गेली तर बाई उगाच पावणेदोन कोस चिखलातून चालत येणार. आदल्याच महिन्यात एका टोल्याचं पान वाटेत गळून पडलं होतं, तर बाई भर पावसात तिथवर जाऊन आल्या होत्या आणि चार दिवस तापानं फणफणल्या होत्या. मला बाईंची दया आली. मी सातवं पान तोडलं आणि ओवलं.

वर कुठं तरी पहाडीत पाऊस झाला असणार. घोट्याएवढ्या नाल्याला बघता बघता छातीएवढं पाणी आलं आणि मैना पलीकडं अडकली. दिवे लागले तरी पोरगी आली नाही म्हणून टोला उठला. कंदील, टेंभे, हाका. शेवटी पलीकडच्या मोहाच्या झाडावरून तिनं ओ दिली. पाणी उतरल्यावर तिच्या आज्यानं तिला पाठीवर घेऊन आणलं. ओटीतल्या सात्या तिनं सोडल्या नव्हत्या. म्हाताऱ्यानं त्या तिच्या हातातून घेतल्या आणि नाल्यात फेकल्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "झाली हिची शाळा." सकाळी माझं दप्तर माझ्या बापानं वरच्या खुंटीवर टांगलेलं होतं, माझा हात पोचणार नाही असं.

त्या दिवशी आम्ही मुली शाळेत गेलो त्या शिकायला नाही. आमच्या मागं आमचे बाप आणि मैनाचा आजा नावं काढायला आले होते.

मोठे सर गडबडले. त्यांनी बाईंना बाजूला घेतलं आणि समजावलं, की पोरगी स्वतःच्या मर्जीनं टोळी सोडून गेली, तिच्यासाठी खोटं पान म्होरकीनं दिलं, यात शाळेचा दोष नाही, हे असंच सांगा म्हणजे झालं. त्यात काहीच खोटं नव्हतं. मी खांबाला टेकून उभी होते.

बाईंनी आधी मला बोलावलं.

"सातवं पान कोनं तोडलं?"

"मी."

"काऊन?"

"तुमाले चालत यावं लागू नये म्हनून."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या तशाच प्रार्थनेच्या रांगेसमोर जाऊन उभ्या राहिल्या, आमच्या बापांकडे तोंड करून. हातात खडू नव्हता.

"काल सात पानं आली. मी सात मोजली अन् घरी जाऊन भात खाल्ला. मैना तवा झाडावर होती. चूक ह्या पोट्टीची नाई, तिचीबी नाई. चूक माही हाय. मी पानं मोजली, पोट्टे मोजले नाई."

शिक्षकानं गावासमोर असं बोललेलं आमच्यापैकी कोणी कधी ऐकलं नव्हतं. आमच्या बापांनी सरकारी माणसाच्या तोंडून 'चूक माझी' हे शब्द जन्मात ऐकले नव्हते. ते नावं काढायला आले होते, भांडायची तयारी करून आले होते, आणि आता भांडायला समोर कोणी उरलंच नव्हतं. बाईंनी एक महिना मागितला. एक महिना पोरींना पाठवा, मी रोज सोबत येते, मग काय ते ठरवा. आजा मैनाला घेऊन गेला नाही.

बाहेर पडताना बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा जे बोलल्या ते मी पुढं बी.ए.च्या तिन्ही वर्षांत आणि नोकरीतही विसरले नाही.

"माह्यासाठी खोटं नाई करायचं, मंदा. मले चालता येते."

त्या दिवसापासून पानांची पद्धत बदलली. प्रत्येकानं आपलं पान आपल्या हातानं तोडायचं आणि त्यावर आपली खूण करायची. दुसऱ्याचं पान दुसऱ्यानं तोडायचं नाही. मी पानाचं टोक दुमडायची. मैना दातानं कड चावायची. धाकटा एक पोरगा पानावर थुंकायचा, ते बंद करावं लागलं. आणि महिनाभर बाई शाळा सुटल्यावर आमच्यासोबत कुंभीटोल्यापर्यंत चालत यायच्या, पांढरे बूट चिखलानं काळे करत, वाटेत पाढे म्हणवून घेत. फाट्यावर सात पानं स्वतःच्या हातात घ्यायच्या आणि मुक्कामी गाडीत बसून परत जायच्या.

महिना संपायला तीन-चार दिवस होते. आम्ही फाट्यावर उभे होतो. मैनाचा आजा कधी नव्हे तो तिथं आला. काठीवर हात ठेवून बाईंकडं पाहत राहिला. गाडी येऊन थांबली तसा म्हणाला, "आमचे पोट्टे पोचले हे तुले कळते. तू पोचली हे आमाले कोन सांगन?"

बाई पायरीवर एक पाय ठेवून मागं वळल्या.

नानाजीभाऊ दारातून वाकून ऐकत होता. "सकाळी गाडी इथूनच जाते ना," तो म्हणाला. "बाईचं पान मी आनून देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं बाईंचं पान आलं. त्यावर कर्कटकानं पाडलेली दोन बारीक भोकं होती. आज्यानं ते उजेडात धरून पाहिलं, आणि मैनाला म्हणाला, "जाय शाळेत." महिनाभराची मुदत होती, ती त्यानं त्याच सकाळी संपवून टाकली.

मी छाती पुढं काढून सांगते, त्या चार टोल्यांतल्या एकाही मुलीचं नाव भीतीपायी शाळेतून कमी झालं नाही. मैना पुढं नर्स झाली. माझं दप्तर बापानं पुन्हा खालच्या खुंटीवर टांगलं, जिथं माझा हात पोचत होता, आणि मी आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. आज मीही शाळेत शिकवते. माझ्या वर्गातही आपल्या नावाला आपण ओ द्यायची नाही.

बाईंची बदली झाली ती महादेवाच्या मार्कंड्याकडच्या एका हायस्कुलात, मी आणि मैना दहावी पास झालो त्या जूनमध्ये. सकाळच्या गाडीनं निघाल्या. आमच्या फाट्यावर अख्खा टोला उभा होता. नानाजीभाऊनं गाडी थांबवली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबवून धरली. बाई खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर एक लोखंडी पेटी, पेटीवर छत्री आडवी. माझ्या आईनं त्यांना आंब्याच्या पोळ्या दिल्या. आजा खिडकीखाली गेला.

"पोचल्यावर पान पाठवजो," तो म्हणाला.

बाईंनी मान हलवली. गाडी हलली तशी त्यांनी छत्री खिडकीबाहेर काढून वर धरली, नकाशावर नदी दाखवायच्या तशी. वळणापर्यंत ती काळी छत्री दिसत होती. बाईंना मी पाहिलं ते शेवटचं.

चार दिवस गेले. पाचव्या संध्याकाळी नानाजीभाऊनं फाट्यावर गाडी थांबवली आणि वहीच्या कागदात गुंडाळलेलं काही तरी आज्याच्या हातात दिलं. मार्कंड्याच्या कंडक्टरनं ते गडचिरोलीला दिलं होतं, गडचिरोलीवाल्यानं धानोऱ्याला, धानोऱ्यावाल्यानं नानाजीभाऊला. पान पळसाचं नव्हतं, बेलाचं होतं. त्याला कुंकवाचं बोट लागलेलं होतं, वाटेत कोणी तरी ते देवाचं समजून पाया पडलेलं दिसत होतं. पण मधल्या पानावर कर्कटकाची दोन भोकं होती.

आज्यानं ते उजेडात धरलं. दोन्ही भोकांतून पाहिलं, एकदा एका डोळ्यानं, एकदा दुसऱ्या.

"पोचली," तो म्हणाला, आणि पान घेऊन घराकडं चालू लागला.